दबा धरला खरा, पण फासा काय म्हणतो? नव्या ‘प्लेअर्स हँडबुक’मधलं सरप्राइज आणि इनिशिएटिव्ह

खिंडीच्या दोन्ही अंगांना चौघे दबा धरून बसलेत. खाली शेकोटीपाशी चार गॉब्लिन पहारेकरी, त्यांना कशाचाच सुगावा नाही. वरून पहिला बाण सुटणार, तेवढ्यात डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) म्हणतो, “थांबा, इनिशिएटिव्ह रोल करा,” म्हणजे आधी कोण हे ठरवणारा फासा टाका. फासे पडतात आणि पहिली टर्न लागते गॉब्लिनांची. बाण अजून भात्यातच आहे आणि ज्यांच्यावर छापा घालायचा तेच आधी हलतात.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळाच्या २०२४ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’वरून सगळ्यात जास्त हुज्जत या जागी होते. पुस्तक ३८४ पानांचं आहे, त्यात सरप्राइजच्या, म्हणजे शत्रूला गाफील गाठण्याच्या, वाट्याला जेमतेम एक छोटा परिच्छेद आलाय. चित्रं, क्लासेस, शस्त्रांच्या मास्टरी यांवर बरंच लिहिलं जातं. इथे फक्त त्या परिच्छेदाचा आणि त्याला चिकटलेल्या चार-पाच नियमांचा हिशोब मांडतोय, कारण प्रत्येक लढाईची सुरुवात त्यांच्यातून होते.

लढाई सुरू होताना टेबलावर दोन प्रश्न असतात. समोरच्याला पत्ता लागलाय का? आणि आधी कोण? हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिला लपण्याचा आणि कानोसा घेण्याचा, दुसरा चपळाईचा. या खेळाच्या बहुतेक जुन्या आवृत्त्यांनी त्यांना वेगळं ठेवलं. २०२४ च्या पुस्तकाने दोन्ही एकाच फाशात कोंबलेत, आणि नियमाची गंमत नि घोळ दोन्ही त्यातून येतात.

आधी २०१४ च्या हँडबुकचं पाहू, म्हणजे बदल का केला ते कळेल. तिथे लपलेल्यांचे स्टेल्थ (लपण्याचे) रोल समोरच्यांच्या पॅसिव्ह परसेप्शनशी, म्हणजे फासा न टाकता धरलेल्या सावधपणाच्या आकड्याशी, ताडून पाहायचे. ज्याला एकही धोका जाणवला नाही तो सरप्राइज्ड. त्याला पहिल्या टर्नमध्ये हलता येत नाही, ॲक्शन घेता येत नाही आणि ती टर्न संपेपर्यंत रिॲक्शनही नाही. म्हणजे अख्खी फेरी फुकट. चौघा हीरोंना चार टर्न आंदण मिळतात, आणि ज्यांचा इनिशिएटिव्ह सरस लागला ते तर समोरचा जागेवरून हलायच्या आत दोनदा मारून घेतात. पाचव्या लेव्हलची पार्टी (हीरोंचा गट) असेल तर डीएमने संध्याकाळभर बसून रचलेली लढाई चहा गाळून होईपर्यंत संपते. याचा परिणाम उलटाच झाला. डीएम लोक सरप्राइज द्यायलाच कचरू लागले. “गॉब्लिनला काहीतरी खुट्ट ऐकू आलं” हे वाक्य त्या काळात फार चाललं.

दुसरी अडचण चिलखतवाल्याची. सगळे मांजरीच्या पावलांनी आले, पण मागून चेनमेल खुळखुळवत पॅलाडिन आला की पहारेकऱ्याला एक तरी धोका जाणवलाच, मग सरप्राइज कुणालाच नाही. चौघांत एक जड चिलखताचा असतोच, त्यामुळे नियम कागदावर जबरदस्त आणि टेबलावर क्वचित, अशी त्याची गत होती.

२०२४ च्या नियमाचा मथितार्थ असा: लढाई सुरू झाल्याने जो दचकला, त्याला इनिशिएटिव्ह रोलवर डिसॲडव्हांटेज. दोन डी२० (वीस बाजूंचे फासे) टाकायचे, लहान आकडा धरायचा. बस्स. टर्न बुडत नाही, हालचाल बुडत नाही. लपलेल्याने हल्ला सुरू केला आणि समोरच्याला लढाई सुरू होतेय हे माहीतच नव्हतं, तर तो सरप्राइज्ड, हे उदाहरण पुस्तकच देतं. त्यामुळे पॅलाडिनचा प्रश्न बराचसा मिटला. सुरुवात करणारा एक जण नीट लपलेला असला की झालं, बाकीच्यांच्या खुळखुळाटाचा निवाडा डीएमने करायचा.

याला जोडून दुसरा तुकडा ‘इन्व्हिजिबल’ (अदृश्य) या कंडिशनमध्ये, म्हणजे पात्राच्या अवस्थेच्या नियमात, दडलाय. इनिशिएटिव्ह रोल करताना तुम्ही इन्व्हिजिबल असाल तर तुम्हाला ॲडव्हांटेज. आणि यशस्वी ‘हाइड’ (लपायची) ॲक्शन घेतली की तुम्ही इन्व्हिजिबल धरले जाता. म्हणजे छाप्यात एका बाजूला दोनांतला मोठा फासा, दुसऱ्या बाजूला दोनांतला लहान. हे दोन नियम पुस्तकात इतके लांब ठेवलेत की निम्मी टेबलं एकच लावतात आणि मग सरप्राइजमध्ये दमच उरला नाही म्हणून ओरडतात.

दम किती आहे ते आकड्यांत बघू. दोघांचे मॉडिफायर (फाशात मिळवायचे आकडे) सारखे धरले, तर नेहमीच्या लढाईत तुम्ही आधी जाण्याची शक्यता ४७.५ टक्के, बरोबरीची ५. समोरच्याला नुसतं डिसॲडव्हांटेज असेल तर तुमची शक्यता ६४ टक्क्यांवर जाते. तुम्हाला वर ॲडव्हांटेजही मिळालं तर ८१ ते ८२. एकास एक सामन्यात हे ठीकच आहे.

पण छापा एकास एक नसतो, घोडं तिथे पेंड खातं. एकसारख्या राक्षसांसाठी डीएम एकच रोल करतो, तर आपले चौघे चार वेगळे रोल करतात. चौघेही लपलेले, मॉडिफायर सारखे, बरोबरी चौघांच्या बाजूने धरली, तरी चौघेच्या चौघे गॉब्लिनांच्या आधी जाण्याची शक्यता साधारण ६४ टक्के निघते. म्हणजे दर तीन छाप्यांमागे एकात कुणीतरी एक हात चोळत मागे राहणार. आणि तो रथीमहारथी जादूगार असेल, फायरबॉल टाकण्याआधीच गॉब्लिन त्याच्या मित्रांत मिसळले असतील, तर अख्खा बेत फसतो.

उपाय आणखी फासे टाकण्यात नाही. नव्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये प्रत्येक राक्षसापुढे इनिशिएटिव्हचा बोनस आणि शेजारी तयार आकडा छापलाय. गॉब्लिन वॉरियरला अधिक २, आणि आकडा १२. हा आकडा म्हणजे १० अधिक बोनस. रोल न करता तोच वापरायची मुभा आहे, ॲडव्हांटेज असेल तर ५ मिळवायचे, डिसॲडव्हांटेज असेल तर ५ वजा करायचे. गाफील गॉब्लिन म्हणजे सरळ ७. आता चौघे हीरो अधिक २ आणि ॲडव्हांटेजवर रोल करतात. प्रत्येकाला दोनांपैकी एका फाशावर ५ पुरे, म्हणजे ९६ टक्के. चौघेही पुढे जाण्याची शक्यता होते ८५ टक्के. नियम तोच आणि पुस्तकही तेच, फक्त डीएमने आपला फासा बाजूला ठेवला. छाप्याला छाप्याचं वजन देणारा याहून सोपा तोडगा या आवृत्तीत नाही, आणि लढाई सुरू व्हायला लागणारा वेळही वाचतो. नेहमीच्या लढाईत मात्र डीएमने रोल करावा. तिथे कोण आधी हे माहीत नसण्यातच मजा असते.

उरलेल्या १५ टक्क्यांत काय करायचं? गॉब्लिनांची टर्न आधी आली, पण त्यांना अजून कुणी दिसलेलं नाही. इथे नवे डीएम हमखास चूक करतात. टर्न आली म्हणून गॉब्लिनांना धनुष्यं उपसायला लावतात. गॉब्लिनाला टर्न मिळाली, माहिती मिळालेली नाही. लपलेले अजून इन्व्हिजिबलच आहेत. तो शेकोटीत लाकूड सारील, जांभई देईल, फार तर खुट्ट झालं म्हणून ‘सर्च’ ॲक्शन घेईल. त्याचा विझडम (परसेप्शन) रोल तुमच्या हाइडच्या एकूण आकड्याइतका किंवा वर गेला तरच तुम्ही सापडलात. नाही सापडलात तर तुमचा पहिला बाण ॲडव्हांटेजवरच सुटतो. एवढं पाळलं तर पहिली टर्न गॉब्लिनांची निघाली तरी छापा पाण्यात जात नाही.

इनिशिएटिव्ह कधी रोल करायचा, यावरही घोळ होतो. “मी बाण मारतो” असं खेळाडू म्हणाला की त्या क्षणी, बाण लागल्यावर नव्हे. आधी एक फुकटचा हल्ला सोडवून मग इनिशिएटिव्ह घेणारी टेबलं भरपूर आहेत. तसं केलं की कल्पकतेने छापा रचणाऱ्यापेक्षा मोठ्याने ओरडणाऱ्याचा फायदा होतो, आणि पुढच्या वेळी सगळेच वाटाघाटींच्या मध्येच “मी मारतो!” म्हणून ओरडतात. वाटाघाटी चालू असताना तलवार उपसली तर समोरचा सरप्राइज्ड होतो का? तो तुमच्याकडे बघतोय, तुमच्या कमरेला शस्त्र आहे, हवा तापलेली आहे. बहुतेक वेळा उत्तर नाही असंच द्यावं.

आता हाइडचं. मराठीत खेळणाऱ्या टेबलावर खेळाडू “मी लपतो” असं सहज म्हणून जातो. पण पुस्तकातलं लपणं म्हणजे अटींची यादी आहे. तुम्ही दाट अंधारात किंवा धुक्यात हवेत, नाहीतर तीन चतुर्थांश किंवा पूर्ण आडोशामागे, आणि कुठल्याही शत्रूच्या नजरेच्या टप्प्याबाहेर. मग डेक्स्टेरिटी (स्टेल्थ), म्हणजे चपळाईवरचा लपण्याचा रोल, किमान १५. तो आकडा कागदावर लिहून ठेवायचा, कारण शोधणाऱ्याला तोच गाठायचाय. पहिल्या लेव्हलच्या चोराचा बोनस साधारण अधिक ५ असतो, त्याला फाशावर १० लागतात, म्हणजे ५५ टक्के. (पुस्तकात या क्लासचं नाव ‘रोग’ आहे. देवनागरीत ते लिहिलं की साथ आल्यासारखं वाटतं, म्हणून इथे चोरच.) चेनमेलवाला, बोनस शून्य आणि स्टेल्थवर डिसॲडव्हांटेज, त्याला दोन्ही फाशांवर १५ हवेत: ९ टक्के. त्याने लपायचा हट्ट सोडून वळणाच्या पलीकडे थांबावं आणि फक्त सरप्राइजचा फायदा घ्यावा.

कुजबुजीपेक्षा मोठा आवाज, अटॅक रोल, बोलून करायचा मंत्र, किंवा शत्रूने शोधून काढणं, यांपैकी काहीही झालं की लपणं संपतं. तक्रार इथे दोन गोष्टींची आहे. एक, खोक्यामागे बसलेला माणूस आणि मंत्राने अदृश्य झालेला माणूस यांना एकच नाव दिल्याने नवा खेळाडू विचारतो, “मी इन्व्हिजिबल आहे ना, मग चौकातून चालत गेलो तर?” पुस्तक यावर सरळ उत्तर देत नाही. उजेडात, उघड्यावर, शत्रूच्या डोळ्यांसमोर आलात की सापडलात, हे डीएमने पहिल्याच दिवशी सांगून टाकावं. दोन, पॅसिव्ह परसेप्शनचा आकडा प्रत्येकाच्या शीटवर आहे, पण हाइडच्या मजकुरात त्याचा उल्लेखच नाही. काही टेबलं तो लावतात, काही नाही. फरक लहान नाही. पॅसिव्ह परसेप्शन २३ असलेल्या ॲडल्ट रेड ड्रॅगनपुढे १६ चं लपणं एका पद्धतीत टिकतं आणि दुसऱ्या पद्धतीत बसल्या जागी उघडं पडतं. इतका नेहमीचा प्रश्न मोघम ठेवणं ही या पुस्तकाची ढिलाईच म्हणायची.

सगळ्यात मोठा फटका बसला ॲसॅसिनला, म्हणजे चोराच्या मारेकरी उपप्रकाराला. २०१४ मध्ये सरप्राइज्ड शत्रूवर त्याचा वार लागला की तो आपोआप क्रिटिकल, म्हणजे नुकसानीचे फासे दुप्पट. तिसऱ्या लेव्हलला शॉर्टबोचा (छोट्या धनुष्याचा) एक आणि स्नीक अटॅकचे (चोराच्या खास वाराचे) दोन, असे तीन डी६ (सहा बाजूंचे फासे) जास्तीचे, सरासरी १०.५. अकराव्या लेव्हलला सात डी६, सरासरी २४.५. आता पहिल्या फेरीत स्नीक अटॅक लागला तर लेव्हलइतकं जास्तीचं नुकसान, म्हणजे अनुक्रमे ३ आणि ११. निम्म्याहूनही कमी. पण हे सरप्राइजवर अवलंबून नाही, पहिली फेरी असली की पुरे. जुना फायदा नाटकी होता आणि सहज हुकायचा: शत्रूचा इनिशिएटिव्ह तुमच्यापेक्षा वर गेला तर त्याची मुकी टर्न निघून जायची, तो सरप्राइज्ड राहायचा नाही आणि तुमचा क्रिटिकल गेला. ती चिडचिड संपली. खटकतं ते वेगळंच. ॲसॅसिनला इनिशिएटिव्हवर कायमचं ॲडव्हांटेज दिलंय, आणि लपलेल्या कुणालाही तेच मिळतं. दोन ॲडव्हांटेज एकमेकांवर चढत नाहीत. म्हणजे ज्याचं अख्खं आयुष्य दबा धरण्यात जातं, त्यालाच दबा धरल्याचा इथे वेगळा लाभ नाही.

याउलट ‘अलर्ट’ फीट (निवडून घ्यायची खास खुबी) आता सोन्याचा तुकडा आहे. पूर्वी सरसकट अधिक ५ आणि सरप्राइजपासून सुटका होती. आता प्रोफिशियन्सी बोनस (लेव्हलनुसार वाढणारा आकडा) मिळतो, आणि रोल झाल्या झाल्या एका राजी साथीदाराशी इनिशिएटिव्ह बदलता येतो. दोघांपैकी कुणी इनकॅपॅसिटेटेड (ॲक्शन घेऊ न शकणारा) नसावा, एवढीच अट. चोराने २३ काढायचे आणि ते मागे राहिलेल्या जादूगाराला द्यायचे. मघाच्या फायरबॉलचा प्रश्न इथे सुटतो. हे पहिल्याच लेव्हलला मिळतं. पार्टीत एकाकडे तरी असावंच.

सातव्या लेव्हलच्या बार्बेरियनला इनिशिएटिव्हवर ॲडव्हांटेज असतं. तो गाफील सापडला तर डिसॲडव्हांटेजशी ते कटतं आणि तो साधा एक फासा टाकतो. हे बरेच जण विसरतात.

हे प्रश्न वेगळे ठेवले तर खेळ कसा वाटतो, ते पाहायचं असेल तर ‘ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स’ उघडावं. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९८१ च्या बेसिक आणि एक्स्पर्ट संचांचे नियम नीट मांडून दिलेलं हे पुस्तक. भेट झाली की दोन्ही बाजूंचा एकेक डी६, १ किंवा २ आला तर ती बाजू गाफील. एकच बाजू गाफील असेल तर तिची एक फेरी गेली, दोन्ही असतील तर क्षणभर दोघंही गोंधळले आणि पुढे चालू. तुम्ही सावध आणि समोरचे गाफील, असं २२ टक्के वेळा होतं. दोन्ही गाफील, ११ टक्के. तयारीतच असलेल्या बाजूला हा रोल टाकावाच लागत नाही. त्यानंतर इनिशिएटिव्ह, तोही बाजूगणिक एक डी६ आणि दर फेरीला नव्याने. लहान मुलांच्या खेळात ‘राज्य कुणावर’ ठरवावं तितका पटकन.

त्यातली सगळ्यात धारदार गोष्ट म्हणजे मंत्र. जादूगाराने इनिशिएटिव्हच्या आधीच “मंत्र टाकतोय” असं सांगायचं. फासा हरला आणि त्याच्या आधी त्याला घाव बसला, तर मंत्र गेला, आणि त्या दिवसापुरता आठवणीतूनही पुसला. दोन हातांची शस्त्रं फेरीच्या शेवटी चालतात. गाफील राहून वर इनिशिएटिव्हही हरलात तर समोरच्याला सलग दोन फेऱ्या मिळतात, आणि ४ हिट पॉइंटवाल्यांची (म्हणजे जेमतेम जीव असलेल्यांची) पाचावर धारण बसते. ते क्रूर आहे, पण म्हणूनच तिथले खेळाडू दाराला कान लावतात, कंदील झाकतात आणि आधी बोलणी करून बघतात. २०२४ मध्ये सरप्राइजचा फटका इतका मवाळ आहे की कान लावायची गरजच फारशी भासत नाही.

‘पाथफाइंडर’ या अशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीचा तोडगा या दोन्हींच्या मधला आहे. इनिशिएटिव्ह बहुधा परसेप्शनवर रोल होतो, चोरपावलांनी येत असाल तर स्टेल्थवर. तोच स्टेल्थचा आकडा समोरच्याच्या परसेप्शन डीसीशीही (गाठायच्या आकड्याशी) ताडायचा. म्हणजे फासा एकच, पण उत्तरं दोन: आधी कोण, आणि कोण कुणाला दिसलंय. वेगळा सरप्राइज राउंड नाही. शिवाय डेक्स्टेरिटीची मक्तेदारी मोडते. डी अँड डीमध्ये तोच आकडा आर्मर क्लासला (बचावाला), धनुष्याला, स्टेल्थला आणि वर इनिशिएटिव्हलाही. बरोबरी झाली तर शत्रू आधी, हा नियमही वाद मिटवणारा. २०२४ चं पुस्तक बरोबरीत हीरोंचा क्रम खेळाडूंवर सोडतं आणि हीरो-राक्षस बरोबरी डीएमवर, म्हणजे पुन्हा चर्चा.

२०२३ चं ‘शॅडोडार्क’ सगळ्यात आटोपशीर: न दिसलेल्यांना इनिशिएटिव्हच्या आधी एक टर्न, मग सर्वात मोठा आकडा काढणाऱ्यापासून टेबलाभोवती घड्याळाच्या दिशेने. यादी लिहायची गरजच नाही.

घ्यायचं की नाही? फक्त हे नियम हवे असतील तर पुस्तकावर पैसे घालू नका. सरप्राइज, हाइड, कंडिशन्स हे सगळं एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या एसआरडी ५.२ मध्ये (‘सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट’, खेळाच्या मूळ नियमांचा दस्तऐवज) क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट आहे. मोहीम २०१४ च्या पुस्तकांवर अर्ध्यात आली असेल तर एकटा सरप्राइजचा नियम बदलू नका. जुना ॲसॅसिन आणि जुना अलर्ट नव्या नियमात लुळे पडतात, तेव्हा तिन्ही एकत्र आणा.

आणि राक्षस जुने ठेवून हीरो नवे केलेत तर ड्रॅगनकडे लक्ष असू द्या. जुन्या ॲडल्ट रेड ड्रॅगनची डेक्स्टेरिटी १०, बोनस शून्य, तयार आकडा १०. नव्याला अधिक १२, म्हणजे २२. तो गुहेत झोपलेला असताना शिरलात तर झोप हीच डिसॲडव्हांटेज, म्हणून १७. सरप्राइज्ड असला तरी तेवढंच, कारण डिसॲडव्हांटेजही दोनदा लागत नाही. आता अधिक ३ चा चोर लपत गेला आणि त्याने १७ गाठले (५८ टक्के), तर त्याचा पाच फुटांवरचा घाव क्रिटिकल. पण त्या घावाने ड्रॅगन जागा झाला की पुढे त्याची अख्खी टर्न शिल्लक आहे. उलट सगळ्यांचेच आकडे १७ च्या खाली पडले तर ड्रॅगनची टर्न घोरण्यात जाते आणि त्याची पुढची टर्न येईपर्यंत चौघांचे वार पडून जातात. झोपलेल्या ड्रॅगनपाशी इनिशिएटिव्ह हरलेला बरा. आणि अलर्टवाल्याने आपले २३ त्या रात्री कुणालाही देऊ नयेत.